हरेल तो गाईल

३ जानेवारी २००३, शुक्रवार

काल परत हरलो. हरली रेवा, माझी नात. पण करामातल्या घरून शारजापर्यंत एकाच गाडीत कोंबून जातो, तेव्हा हरायला पण सगळेच.

दाऊदभाईंचं गॅरेज तिकडे औद्योगिक भागात. एक गुरुवार सोडून एक गुरुवार ते आतल्या गाड्या बाहेर काढतात आणि मधोमध जाड प्लास्टिकचा पिंजरा मांडतात, डबलबेडएवढा. त्यात जेवणाच्या डब्याएवढी यंत्रं एकमेकांना ठोकतात. रेवाच्या हातात रिमोट. अनिल, म्हणजे माझा मुलगा, तिचा बाप, मागे उभा राहून पुटपुटतो. सत्यनारायणाला कधी एवढा मन लावून पुटपुटला नाही. कोपऱ्यात काळ्या शर्टांची पोरं गिटार, ड्रम घेऊन. गाणी त्यांची स्वतःची, त्यामुळे शब्द कुणाला येत नाहीत. कधीकधी त्यांनाही नाही.

नियम एकच. हरेल तो गाईल. तिथल्या तिथे, त्या पोरांबरोबर, येईल ते. हा दाऊदभाईंनी घातला. म्हणाले, आई, नाहीतर हरलेला तोंड पाडून घरी जातो, परत येत नाही. राजापूरचा माणूस, हिशेबाने बोलतो.

रेवाच्या आधी केरळचा एक अकाउंटंट हरला. त्याला एकच गाणं पूर्ण येत होतं. जन गण मन. पठाण, फिलिपिनो, सगळे उभे राहिले. काय करणार.

मग रेवा. आमचं यंत्र उलटं पडून चाकं हलवतंय आणि ही गातेय. बाहेर पान थुंकायला गेलेले पण आत आले.

परतताना अनिल म्हणाला, मोटर कमी पडते.


७ जाने., मंगळवार

ऑफिस सुटलं की अनिल भंगारवाल्यांकडे. आज कुठल्या तरी मेलेल्या गाडीची काच वर-खाली करायची मोटर आणली आणि ओट्यावर ठेवली. सुनीताने कणकेची परात तेवढी उचलली. (सूनबाई, हे तुझ्याबद्दल चांगलं सांगतेय, लिही.)

यंत्राचं कागदावरचं नाव टायफून. खेकड्यासारखं तिरकं चालतं म्हणून मी चिंबोरी म्हणते. पहिल्यांदा अनिल रागावला. आता गॅरेजातला माइकवाला पण चिंबोरीच पुकारतो.

खरं सांगायचं तर ह्या घरात बापलेक बोलायला लागले ते चिंबोरीमुळे. आधी तो विचारायचा, मार्क किती. ती सांगायची. खलास. आता दोघं बाल्कनीत मांडी घालून, एका टॉर्चच्या उजेडात. तो मराठीत सांगतो, ती इंग्रजीत ऐकते.


१४ जाने., संक्रांत

तिळाच्या वड्या जरा कडक झाल्या. माझ्या दातांना कळलं, इतरांनी गोड बोलून घेतलं.

हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका. वरच्या मजल्यावरच्या गोखलेबाईंनी वाण हातात पडेपर्यंत दम धरला. मग म्हणाल्या, रेवा गॅरेजात गाते म्हणे? बारावी ना यंदा?

अनिल आतल्या खोलीत होता. तिथूनच म्हणाला, "गात नाही हो ती. हरली की गावं लागतं. पेनल्टी आहे."

गाण्याचा क्लास त्यानेच दहावीत बंद केला. नंतर कर म्हणाला. नंतर म्हणजे बारावी झाल्यावर. मग म्हणेल, इंजिनिअर झाल्यावर. मग लग्न, मग... रोबोट त्याला चालतो, तो इंजिनिअरिंगच्या बाजूचा. आणि पेनल्टीला कोण नाही म्हणणार. ती काय शौक म्हणून करतं कुणी?

गोखलेबाईंचं समाधान झालं. माझं नाही.


१७ जाने., शुक्र.

काल हरलो. नवी मोटर असून.

माझं माहेर मालवणकडचं. बैलांच्या झुंजी बघत वाढले. हरणारा बैल आधी डोळे चोरतो, मग पाय मागे घेतो, मग पळतो. चिंबोरी तसं काही करत नाही. समोरच्याला कोपऱ्यात दाबते, अर्धा उचलते, आणि एकदम गर्रकन वळून आपली मऊ बाजू त्याच्यापुढे धरते. ये बाबा, मार. बैल असं करत नाही. असं माणूस करतो, आणि तेही कारण असल्याशिवाय नाही.

मग मी पिंजऱ्याकडे बघायचं सोडलं आणि रेवाच्या रिमोटवरच्या अंगठ्याकडे बघितलं. जिंकायची वेळ आली की तो मागे येतो.

लिही, सुनीता. पोरगी मुद्दाम हरते. हरली की गायला मिळतं म्हणून.

इथे पेन थांबलं. मग म्हणते कशी, "मला माहीत आहे, आई."

बघा. म्हणजे घरात एक अनिल सोडला तर...


२० जाने., सोमवार

रेवाच्या केसांना तेल. डोकं माझ्या हातात असलं की पळता येत नाही, म्हणून विचारायचं ते तेव्हाच.

म्हटलं, काय गं, चिंबोरी नेमकी पाठीवरच कशी पडते दर वेळी?

"बॅटरी इश्यू, आजी."

म्हटलं, बॅटरीला गाणं फार आवडतं वाटतं.

तेल कानापर्यंत आलं. मग म्हणाली, प्लीज, बाबांना नको सांगू. आणि पुढे इंग्रजीत बरंच. मला कळलं नाही असं मी तोंड केलं. सुनीता आतून, कुणी विचारलं नसताना, भाजी परतता परतता: "म्हणतेय, तेवढ्याच वेळी बाबा गाऊ देतात."

मी म्हटलं, मी कशाला सांगू. मी काय रेडिओ आहे?


३१ जाने., शुक्र.

अनिलने चिंबोरीला गरगर फिरणारं पातं बसवलं. त्याला वाटतं पोरगी जिंकायला धडपडतेय. त्यामुळे काल पंचाईत. पहिल्याच धडकेत समोरच्याचं एक चाक पिंजऱ्याच्या छताला. लोक ओरडताहेत, आणि रेवाच्या कपाळावर घाम. आता हरायचं कसं?

तेवढ्यात अजान झाली. अजानीला तिथे सगळं थांबतं. यंत्रं जागच्या जागी, ड्रमवाल्याच्या काठ्या मांडीवर. रेवाला विचार करायला वेळ मिळाला. अजान संपली आणि चिंबोरी सुटली ती भरधाव, त्या लंगड्या यंत्राला चुकवून थेट भिंतीवर. पातं वाकलं, धूर निघाला. समोरचा लंगडत लंगडत जिंकला. त्याच्या मालकाला पण पटेना.

रेवा गायली. आजवरचं सगळ्यात चांगलं. काळ्या शर्टातला डेन्झिल, गोव्याचा, गिटारवाला, तिच्या मागून वाजवत होता आणि तिच्याकडेच बघत होता. तसं नाही, गाण्यासाठी. मला दोन्ही बघणं ओळखता येतं.

अनिलने ऐकलं नाही. पाठ करून उकिडवा बसला होता, वाकलेलं पातं हातात घेऊन.

गाडीत म्हणाला, "माझंच चुकतंय काहीतरी. एवढी वर्षं लोकांची मशीनं सांभाळतो, पोरीला एक धड करून देता येईना."

रेवा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर ट्रॅफिकशिवाय काही नव्हतं.


६ फेब्रु., गुरु.

आज गॅरेज नाही. डेन्झिलचा फोन आला. आधी सुनीताशी, मग अनिलशी. २७ तारखेच्या रात्री ते सगळं रेकॉर्ड करणार, सीडी काढणार. रेवाने गावं म्हणतात. हरून नाही. नाव लावून, तयारीने, तीन गाणी.

अनिल फार गोड बोलला. एक्झाम आहे, आफ्टर दॅट, इन्शाल्ला. असलं इन्शाल्ला म्हणजे नाही, हे डेन्झिलला सांगावं लागत नाही. तो इथेच जन्मला.

मार्चमध्ये बोर्ड. मग पोरगी पुण्याला, हॉस्टेल. तेव्हा २७ची रात्र तिची शेवटची, हे अनिलनेच ठरवलंय. तोपर्यंत एकदा तरी जिंकवतो म्हणाला.

नंतर चिंबोरी कोण चालवणार, हे मी विचारलं नाही. त्यानेही विचारलेलं दिसत नाही.

रेवा दार लावून अभ्यासाला बसली. मी दाराशी गेले. पानं उलटल्याचा आवाज नाही.


१४ फेब्रु., शुक्र.

काल जिंकलो.

रेवाने जिंकलं. अंगठा एकदासुद्धा मागे घेतला नाही. समोर एका फिलिपिनो पोराचं यंत्र होतं, सुबक, डबीसारखं. चिंबोरीने त्याच्या दोन डब्या केल्या. चहा गाळायच्या आत संपलं. संपल्यावर रेवाने रिमोट खाली ठेवला आणि बापाकडे बघून म्हणाली, "हॅपी?"

हॅपी म्हणजे काय! पन्नाशीला आलेल्या माणसाने दाऊदभाईंना मिठी मारून जमिनीवरून उचललं. दाऊदभाई ओरडतात, अरे सोड, कंबर माझी. चिंबोरी घरच्या बाळासारखी सगळ्यांना दाखवून आला. मी पण तोंड भरून कौतुक केलं. करावंच लागतं, हट्टी असला तरी मुलगा माझाच.

मग नियमाप्रमाणे तो फिलिपिनो गायला. फार गोड गळा. रेवा बाजूला उभी, हात मागे बांधून. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

अनिल चिंबोरी छातीशी धरून तिला काहीतरी सांगायला वळला. वळला आणि तसाच राहिला. गाणं संपेपर्यंत.

एरवी परतताना तो मोटरचं बोलतो आणि रेवा मागे बसून गुणगुणते. काल मोटर नाही, गुणगुणणं नाही. सुनीताने रेडिओ लावला, त्याने बंद केला.


१९ फेब्रु., बुध.

सकाळी चहाला रेवा नव्हती, शाळेची बस गेलेली. अनिल कप घेऊन माझ्या पलंगाशी आला. लहानपणी बरणी फोडली की असाच यायचा, बरणी कुणी फोडली ते मला विचारायला.

"आई, ती मुद्दाम हरायची का?"

म्हटलं, मला यंत्रातलं काय कळतंय.

म्हणाला, यंत्रातलं नाही विचारत.

म्हटलं, मग तिलाच विचार. तर म्हणाला, ती बॅटरी म्हणेल, आणि बॅटरी मी स्वतः चार्ज करतो.

मग म्हणतो कसा, "म्हणजे माझी मोटर बरोबर होती."

सुनीता दारात होती, तिला हसू आलं. मग त्याचं तोंड बघून गेलं.

"मला सांगितलं का नाही तिने?"

मी म्हटलं, सांगितलं असतं तर नंतर कर म्हणाला असतास.

चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला न करताच प्यायला. त्याला साय चालत नाही.


२३ फेब्रु., रवि.

चार दिवस झाले. कुणी कुणाला काही विचारलेलं नाही. जेवताना मीठ दे, पाणी दे. अनिलला माहीत आहे. रेवाला माहीत नाही, की त्याला माहीत आहे. गा म्हणाला असता तर एका शब्दाचं काम होतं. पण बारावीच्या पोरीच्या बापाला तो शब्द जड जातो, आणि एकदा नाही म्हणून झाल्यावर आणखी जड.

मी सुनीताला म्हटलं, तू तरी बोल त्याच्याशी. म्हणते, तुमचा मुलगा. मी म्हटलं, तुझा नवरा. ह्यावर दोघी स्वयंपाकाला लागलो.

रेवाने आज मला विचारलं, आजी, मी गुरुवारी काय करू? पूर्ण मराठीत. मी काय सांगणार? हर म्हणू की जिंक म्हणू? म्हटलं, आधी केमिस्ट्री कर.

चुकलंच माझं जरा. काहीतरी सांगायला हवं होतं.


२६ फेब्रु., बुध.

उद्या शेवटची रात्र.

काल संध्याकाळी दाऊदभाईंचा फोन. खुर्च्या वाढवल्यात, माझ्यासाठी पुढे गादीची ठेवलीय. आई, जिंका नाहीतर हरा, पण या. म्हटलं, मी दोन्ही करत नाही, मी नुसती बसते.

डेन्झिलच्या पोरांना गाणारं कुणी मिळालेलं नाही. दाऊदभाईंनी सहज म्हणून सांगितलं. त्यांच्या सहजला मी ओळखून आहे. मी ते जेवताना सहज म्हणून सांगितलं. रेवाने ताटातून मान वर केली नाही. अनिलने केली, आणि परत खाली घातली.

आज संध्याकाळी ऑफिसातून आला तो बूट न काढताच चिंबोरी घेऊन बाल्कनीत गेला. एकटा. काचेचं दार लावून, पडदा ओढून.

रेवा बाहेर आली. "बाबा, मी येऊ?"

आतून म्हणाला, "नको. तू राहू दे. आज मी करतो."

ती उभी राहिली थोडी. मग पुस्तक घेऊन आत न जाता इथेच खाली बसली, माझ्या पायाशी. पुस्तक उलटं धरलंय. मला वाचता येत नसलं तरी चित्रातला माणूस डोक्यावर उभा आहे एवढं दिसतं.

पडद्याआड स्क्रू फिरतोय. कर्र, कर्र. आवळला तरी तोच आवाज, सैल केला तरी तोच; जिंकायची तयारी की हरायची, कळत नाही. सुनीताला म्हटलं, उठ, बघून ये काय करतोय. म्हणते, तुम्ही सांगा, मी लिहितेय.

काय सांगू. अजून फिरवतोय.