सकाळची गोळी

लेकीच्या आईस,

शनिवार-रविवारी लेक माझ्याकडे रात्री टक्क जागी असते ती तू सुरू केलेल्या लक्ष लागण्याच्या गोळ्यांपायी, असं मी फोनवर तावातावाने बोललो. तू बिचारी डॉक्टरांकडून गोळी कमी करून आणलीस. आता तिचं वर्गात पुन्हा लक्ष नाही, म्हणून बाईंची चिठ्ठी आली.

डॉक्टरांनी ‘सकाळी नाश्त्यानंतर’ लिहिलंय. छापखान्याच्या रात्रपाळीमुळे सुट्टीतही माझा नाश्ता दुपारी बाराला होतो. गोळीही मी तेव्हाच द्यायचो.

“आई तर सातलाच देते,” लेक एकदा सहज म्हणाली. त्याला दोन महिने झाले. उशिरा दिलेली गोळीच तिला रात्री जागवते, चूक माझी, हे मला त्याच क्षणी कळलं, तरी गोळी मी बारालाच देत राहिलो. दिवसा ती माझ्याशी धड चार शब्द बोलत नाही. रात्री पत्ते खेळताना मात्र शाळेतलं सगळं सांगते.

उद्या फोनवर वेळेची चूक कबूल करीन. दोन महिन्यांचं या न धाडायच्या कागदावरच राहील.

काल गजर लावून सातला उठलो, तिला खाऊ घालून गोळी दिली. रात्री साडेनऊला ती गाढ झोपली. तिचे पत्ते मी वाटून ठेवले होते.

तिचा बाबा