मुक्कामाची गाडी आणि वळणावरचा चकवा

महाड,
४ डिसेंबर २०२४

ती. सयाजीकाकांना पूजाचा सा. न. वि. वि.

तुमचा फोन काही लागत नाही, म्हणून पत्र. मी बरी आहे, दवाखान्यातलं नर्सिंगचं काम आता अंगवळणी पडलंय. पण तेजूने मैत्रिणीच्या फोनवरून कळवलं की मुक्कामाची गाडी वाडीवर यायची बंद झाली. ड्रायव्हर राजेंद्र म्हणे घाबरलाय आणि पोलादपूरलाच मुक्काम करतो. सकाळची गाडी नाही म्हणून आमची धाकटी तेजू कॉलेजला चालत निघते. आई म्हणते, असंच चाललं तर बारावी राहू दे. राजेंद्रला कोणी घाबरवलं हे तेजूने सांगितलं नाही, आणि मलाही विचारावं लागलं नाही.

रागावले असले तरी तुमचीच,
पूजा

वरची वाडी, उमरठ,
९ डिसेंबर

चि. पूजास काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तोंड लपवायला जागा नाय उरली. राजेंद्र लांब लातूरकडचा, इथं त्याचं कोण नाय. जेवला की आपल्या ओटीवर येऊन बसायचा. मी त्याला वळणावरचा चकवा सांगितला, वाटसरूला त्याच जागी फिरवत ठेवतो तो. त्याच वळणावरून त्याला रोज गाडी आणायची हाय, हे बोलताना ध्यानातच आलं नाय. दुसऱ्या संध्याकाळी त्याला आंब्याचं एकच झाड दोनदा दिसलं. कंडक्टर बुद्धरत्न भुतंखेतं मानत नाय. रानात एकासारखं दुसरं झाड असायचंच, असं त्याने परोपरीने सांगितलं. तरी राजेंद्रने डेपोच्या साहेबांकडे वाडीचा मुक्काम नको म्हणून अर्ज टाकला.

तुझी आवडीकाकू गेल्यापासून संध्याकाळ सरत नाय गो. चकवा खरा का खोटा, मला ठाऊक नाय. पण न दिसणारं कोणीतरी आसपास हाय असं धरलं की घर ओसाड वाटत नाय. त्यात ऐकणारा माणूस मिळाला, आणि जीभ सैल सुटली.

माया पातळ करू नकोस.
सयाजीकाका

महाड,
१४ डिसेंबर

ती. काकांना सा. न. वि. वि.

काकूचं वाचून राग निम्मा उतरला. आमच्या वसतिगृहात सगळ्या शिकलेल्या पोरी, तरी चहाला बसलं की कोणीतरी बंद खोलीतल्या पावलांची गोष्ट काढतेच. मग माडीवर एकटी कोणी जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरी तीच गोष्ट पुन्हा मागतात. तेव्हा गोष्ट सांगितलीत यात वावगं काही नाही, पण निस्तरायची तुम्हीच. पोलादपूरला जाऊन राजेंद्रभाऊंना सांगा की सगळं रचलेलं होतं. तेजूचं वर्ष वाया जाऊ देऊ नका.

जपून जा, आणि आम्हा पोरींवर जीव असू द्या.
पूजा

वरची वाडी,
२० डिसेंबर

चि. पूजास आशीर्वाद.

पोलादपूर स्टँडवर गेलो आणि चकवा माझ्याच डोक्यातला हाय म्हणून शपथ घेतली. राजेंद्र म्हणाला, प्रत्येक गाव आपली भुतं झाकतंच. दोघांनी चहा घेतला. परतीची जीप भरायला अवकाश होता, म्हणून सहज एका गाडीवानाची गोष्ट काढली. त्याच वळणावर चकव्याने त्याला धरला, आणि त्याचे बैल माणसासारखे बोलायला लागले. तेवढ्यात जीपवाल्याने हाक मारली, मी उठलो. राजेंद्र जीपपर्यंत मागं आला, बैल काय बोलले विचारत. मी म्हटलं, ते ओटीवर येऊन ऐक.

काल दिवेलागणीला हॉर्न ऐकू आला. अख्खं वळणभर वाजवत आला, पण आला. अर्जही मागं घेतलाय. जेवून ओटीवर बसला, आणि भूत न मानणारा बुद्धरत्न त्याच्याही पुढं सरकून बसला. किती दिवसांनी गो, संध्याकाळ कधी गेली कळलं नाय.

आज तेजू गाडीने कॉलेजला गेली. जाताना बजावून गेली, बारावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत गोष्टीतला गाडीवान घरी पोचता कामा नये. तेव्हा बैलांनी आणखी काय बोलावं, ते सुचलं तर लगेच कळव. माझं सगळं कालच बोलून झालं.

लोभ आहेच, त्यात बैलांपुरती भर घाल.

तुझा काका,
सयाजी