वरचा डबा

२ डिसेंबर १९३४, सोलापूर
वाफेचा कुकर चालू केला. पितळी डबे तीन, एकावर एक. खाली पाणी, त्याखाली कोळशाची शेगडी. हॉस्पिटलातून येईपर्यंत गिरणीचा दोनचा भोंगा होतो, अन्न थंडगार.
भात – चमचाभर पाणी शिंपडून आठ मिनिटं. दाणा मोकळा. ज्वारीची शिळी भाकरी – ओल्या फडक्यात बारा मिनिटं, मऊ. वीस मिनिटं ठेवली तर लगदा. पिठलं आधी ताकात सैल करावं.
घरमालकीण गौरम्मा दारातून बघत होत्या. "शिळं ते शिळंच की नर्सबाई. वाफ दिली म्हून ताजं हुतंय व्हय?"

५ डिसेंबर
गौरम्मांच्या सासूबाई, मल्लव्वा, वर राहतात. दात एकच. शिळी भाकरी गार पाण्यात भिजवून गिळतात. ताजी घेत नाहीत – "कामाच्या माणसांनी खावी." मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.
आज त्यांची भाकरी माझ्या वरच्या डब्यात ठेवली. मग ताक, जिरं, मीठ. सगळी संपली. "लई दिसांनी कढत खाल्लं."

११ डिसेंबर
रोज चाललंय. आज कडक भाकरी चुरून, शेंगांचं कूट घालून वाफवली. "आज काय औषध, डाक्टरीण?" मल्लव्वांनी विचारलं. जिना चढताना त्या थांबल्या नाहीत. मोजलं – चौदा पायऱ्या.

१४ डिसेंबर
चूक लक्षात आली.
खालच्या डब्यात मी माझं अंडं उकडते. रक्त कमी आहे, हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी रोज एक सांगितलंय. लिंगायतांचं घर, इथं अंडं वर्ज्य; कुणाला ठाऊक नाही. आणि वाफ खालून वर, तिन्ही डब्यांतून जाते. नऊ दिवस. मी जंतूंचा विचार केला. मल्लव्वांच्या गळ्यातल्या लिंगाचा केला नाही.

१५ डिसेंबर
अंडं बंद केलं. तरी नऊ दिवस उरतातच. सांगायला हवं.

१६ डिसेंबर
गौरम्मांना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग – "तुमच्या मनात वाईट न्हवतं, ठाव हाय मला. पण आमच्या अव्वानं, सासूनं, सत्तर वरसं पाळलंय. तिला कळलं तर अन्नच सोडंल. तिला सांगू नका." आणि खोली महिनाअखेर सोडायची. त्यांची बाजू बरोबर आहे.

१९ डिसेंबर
मल्लव्वांची भाकरी पुन्हा गार पाण्यात. अर्धी तशीच राहते. आज जिन्यात दोनदा बसल्या. मी खालून बघितलं, वर गेले नाही.

२१ डिसेंबर
गौरम्मा बाजारात गेल्या होत्या. मल्लव्वा भिंत धरून खाली आल्या, दार आतून लोटलं.
"अंड्याचा वास मला पैल्याच दिशी आला हुता. मी कुटं काय बोलले? जिन्यातनं ऐकलं समदं. तू सुनंपाशी कशाला बोललीस, पोरी?"
पदराखालून शिळी भाकरी काढून माझ्यापुढं धरली.