आर्मेलचे हात

२ सप्टेंबर १९७४, सोमवार

आली एकदाची! सिनेमावाल्यांचे पाच ट्रक, दोन मोटारी आणि सगळ्यांच्या मागून आमची आर्मेल — डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. जणू तिला इथे कोणी ओळखणारच नाही! अख्खं पोर-केरेल गाव धक्क्यावर उभं होतं. आमच्या मासळीच्या कारखान्यातली जेर्मेन बोंबलली, "अगं ए, काढ तो चष्मा! बापाचं नाक कुठे लपवशील?" हसली. काढला. मग जो गराडा पडला, तो घरापर्यंत सुटला नाही.

हॉटेलात खोली घेतलीय तिच्यासाठी. म्हणाली, नको, मी बहिणीकडेच राहणार. बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू. आईचा पलंग झाडून ठेवलाच होता.

संध्याकाळी कॉफी दिली. कपाला हात लावीना. बोलत राहिली, कॉफी गार झाली. मी म्हटलं, "पॅरिसवाल्यांना आमची कॉफी कशाला गोड लागेल!" तेव्हा दोन्ही हातांनी कप धरला आणि निम्मी कॉफी मेजावर. डावा हात हलत होता. थांबेचना.

मी फडकं आणलं.

३ सप्टेंबर

सकाळी तिनेच सांगितलं. कंपवात. दीड वर्ष झालं. गोळ्या घेतल्या की सकाळचे चार तास हात शहाण्यासारखे वागतात, दुपारनंतर ऐकत नाहीत.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी विमावाल्यांचा डॉक्टर नटीला तपासतो म्हणे. तो "ठीक" म्हणाला तरच पुढचं सगळं. "मग त्याला कसं फसवलंस?" — "त्याला आधीच सही केलेला फोटो दिला, गालाला गाल लावला, त्याच्या बायकोची चौकशी केली. हात तेवढा दिला नाही!" खो खो हसली. मला हसू आलं नाही.

"आणि कळलं तर?"

"तर शूटिंग बंद. आणि यापुढे कुठलाच विमावाला माझ्या नावापुढे सही करणार नाही. संपलं मग, पेरीन."

चार आठवडे लपवायचंय. या गावात, जिथे कोणाच्या घरी मासा करपला तरी तिसऱ्या गल्लीत कळतं! माहीत फक्त मला. दिग्दर्शकालासुद्धा नाही.

४ सप्टेंबर

बत्तीस सिनेमे केले हिने. शेंबडी होती तेव्हा कारखान्यात माझ्याशेजारी उभी राहून सार्डिन माशांची डोकी उडवायची. अठराव्या वर्षी जत्रेत राणी म्हणून निवडली, कोणा फोटोवाल्याने चिठ्ठी दिली आणि पुठ्ठ्याचं खोकं काखोटीला मारून गेली पॅरिसला. तीन वर्षं टोप्यांच्या दुकानात काढली. पहिल्या सिनेमात मोलकरीण. एकच वाक्य — "सूप गार होतंय, साहेब." आम्ही तो तीनदा पाहिला! आईने तिन्ही वेळा त्या वाक्याला डोळे मिटून घेतले. भीती, की पोरगी सूप सांडेल.

पडद्यासाठी आडनाव बदललं — ल गालची दोव्हिल झाली. आई महिनाभर धुसफुसत होती. "नाव बदलेल, अंगाचा मासळीचा वास कसा बदलेल?" पुढे मोठं बक्षीस मिळालं तेव्हा तार आली : "मिळालं. आईला सांग. चांगली टोपी घालून बस, फोटोवाले येतील." आई तीन दिवस टोपी घालून बसली होती. कोणीही आलं नाही. शेवटी चौथ्या दिवशी मोठ्या नाखुशीने काढली.

मी हिच्यावर कधी जळले का? जळले. एकदा. एका सिनेमात ती सरदारीण झाली होती, पांढरे हातमोजे घालून. माझ्या हातांना त्या दिवशी मिठाने चरे पडले होते.

५ सप्टेंबर

शूटिंग सुरू. आम्ही बावीस जणी कारखान्याच्या बाया म्हणूनच उभ्या. पांढरी टोपी, एप्रन, लाकडी बूट — म्हणजे आमचेच कपडे, फक्त त्यांनी इस्त्री केलेले! जेर्मेन म्हणते, "इतकी स्वच्छ तर मी लग्नातही नव्हते."

दिग्दर्शक व्हासाल. बत्तीस वर्षांचा, काडीसारखा, सारखी नखं खातो. पण ऐकतो, हे मान्य करायला हवं. गोष्ट अशी : एका बाईला कारखान्यातून काढलंय, आज तिचा शेवटचा दिवस. बाई म्हणजे आर्मेल.

दुपारी बाराच्या आत तिचा मोठा प्रसंग घेतला. मुकादमाशी बोलण्याचा. पॅरिसला गेल्यावर वर्षभर दातांत पेन्सिल धरून हिने आपली बोली घालवली होती. आज तोंड उघडलं आणि आईच बोलली! तोच हेल, शेवटचा शब्द गिळायची तीच खोड. बावीस बाया चिडीचूप. आणि आम्ही चर्चमध्येसुद्धा चूप बसत नाही!

काय बाई आहे. माझी बहीण आहे म्हणून नाही म्हणत.

७ सप्टेंबर

दुपारनंतर हात खिशात. कोणी विचारलं तर मी पुढे होते. "तिला थंडी वाजते." सप्टेंबरात! जेर्मेनने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

सगळं बिघडलं. आणि बिघडवलं मी.

आजचा एकच दिवस मालकाने खरं काम बंद ठेवून मोठा हॉल दिला होता. उद्यापासून पुन्हा हंगाम. हातांचं दृश्य आज घ्यायचं — त्या बाईची शेवटची पाटी. कॅमेरा अगदी हातांवर. सकाळी नऊची वेळ आर्मेलनेच मागून घेतली होती. गोळी घेतलेली, हात स्थिर. मी बघितले, दगडासारखे स्थिर!

मासळी ओतली. व्हासाल म्हणाला, "करा सुरू." मी पहिली सार्डिन उचलली, सवयीने पोटावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. कालची! कुठल्या शहाण्याने काल घेऊन बर्फात ठेवली होती.

मी विचार केलाच नाही. "शिळी!" म्हटलं आणि फेकली गटारात. झालं! बावीस बायांनी मान वर न करता आपापली पाटी उचलली आणि धाडकन गटारात रिकामी. कॅमेरा चालू! आणि आर्मेलनेही फेकली. अठ्ठावीस वर्षांनी! हात आपसूक गेला तिचा.

व्हासाल किंचाळला. "बायांनो, हा सिनेमा आहे! ही मासळी कोणी खाणार नाहीये!"

जेर्मेन कमरेवर हात ठेवून उभी. "खायची नाही? मग डोकं कशाला उडवायचं तिचं?"

"कॅमेऱ्याला वास येत नाही, मादाम!"

"आम्हाला येतो."

ताजी मासळी म्हणजे होड्या परतेपर्यंत थांबा. चार वाजता. मी आर्मेलकडे बघितलं, ती घड्याळाकडे बघत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

चारला ती कोपऱ्यात, हात काखेत दाबून. दुसरी गोळी घेतली होती, काही उपयोग नाही. व्हासाल हाक मारतोय. विमावाल्यांचा माणूस दारातच उभा, कागद घेऊन. आणखी दोन मिनिटं आणि सगळं उघडं पडलं असतं. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं —

"साहेब, हिचे हात कसले घेता? पॅरिसचे हात ते! बघा तरी, लोण्यासारखे. हिने सुरी धरली तर सगळा किनारा हसेल. माझे घ्या."

बाया फिदीफिदी हसल्या. कोणी तरी म्हणालं, "खरंच गं, बाईसाहेबांचे हात!" आर्मेलचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती पण हसली. अगदी छान हसली, बत्तीस सिनेमांत हसली तशी. "खरंय. पेरीनचे घ्या."

सहाला माझे हात घेतले. एक पाटी, एका दमात. डोकं उडव, त्याच ओढीत आतडं बाहेर, मासा जाळीवर. एक चुकला नाही! व्हासाल म्हणाला, "फार सुंदर. फार जलद." आर्मेल कॅमेऱ्यामागे उभी होती. घरी येईपर्यंत बोलली नाही.

१० सप्टेंबर

बोलली.

मी म्हटलं, तुला वाचवलं! म्हणाली, माहीत आहे. तेच तर! एका सिनेमात नदीत उडी होती, जानेवारीत, मी स्वतः मारली. तापाने फणफणले पण दुसरी बाई घेऊ दिली नाही. माझं रडणं माझं होतं, पडणं माझं होतं. कधी कोणाचा केससुद्धा लावला नाही.

"आणि काल तू सगळ्यांसमोर म्हणालीस, हे आपल्या गावचे हात नाहीत."

"अगं, मी खोटं बोलले!"

"तू खोटं बोललीस ते चालेल गं. पण त्यांना ते खरं वाटलं."

मी तव्यावर धिरड्यासारखे गालेत केले. तिने खाल्ले नाहीत. मी पण नाही खाल्ले. शेवटी मांजरीने खाल्ले.

१३ सप्टेंबर

कामावर रोज नऊला हजर. एक वाक्य चुकत नाही. माझ्याशी मात्र "मीठ दे", "दार लाव" एवढंच.

जेर्मेनने आज कारखान्यात तिची नक्कल केली. दोन बोटांनी शेपटी धरून, नाक मुरडून, "ईऽ, ओली आहे!" सगळ्या हसल्या. मी हसले नाही, पण गप्प बसले. ओरडून सांगायला हवं होतं, अगं ती आजारी आहे! शपथ घातलीय तिने. जीभ चावून उभी राहिले.

स्वतःची लाज वाटते आज.

२८ सप्टेंबर, शनिवार

संपलं शूटिंग. कोणाला काही कळलं नाही! ट्रक गेले. मोटारीत बसताना तिने मला घट्ट धरलं, पण ते हात लपवायला की मायेने, देव जाणे. "थोडी जाड झालीयस," म्हणाली. म्हणजे राग निम्मा तरी उतरला असावा.

आईचा पलंग आवरला नाही अजून.

९ नोव्हेंबर

रेडिओवर तिची मुलाखत. आवाज ठणठणीत. विचारलं, पुढचा सिनेमा कोणता? म्हणाली, "आधी हा बघा."

१४ मार्च १९७५

पत्र! टाइप केलेलं, सहीसुद्धा. कारण मी जाणते.

सिनेमा पॅरिसच्या आधी आपल्या गावात दाखवणार. हिने अट घातली म्हणे व्हासालला. १२ एप्रिल. खाली लिहिलंय : "पुढच्या रांगेत बस, जेर्मेनलाही बसव. चांगली टोपी घाल."

मी कारखान्यात सांगितलं — माझे हात पडद्यावर येणार, चार फूट मोठे! जेर्मेन म्हणाली, "मग आता सह्या द्यायला लाग. का आधी साबण लावणार?" ठेवू देत म्हणावं नावं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा माझं काही तरी कोणी बघणार आहे.

११ एप्रिल

उद्या. हाताला तेल चोळलं. वेडी आहे मी!

१२ एप्रिल, शनिवार

पडद्यावर हात आले. माझे नव्हते.

तिचे होते. थरथरत होते. सुरी दोनदा घसरली, एक सार्डिन खाली पडली, तिने वाकून उचलली आणि डोकं उडवलं. मग पुढची. अख्खी पाटी, एकही मासा न टाकता. सावकाश. ज्या बाईला उद्या यायचं नाही, तिची पाटी. जेर्मेन हुंदके देत होती, बंदराएवढी बाई, लहान पोरीसारखी.

व्हासाल मागून हळूच म्हणाला, शेवटच्या रविवारी घेतलं, कारखाना बंद होता, तुम्ही चर्चमध्ये होता. तुमच्या बहिणीनेच मला सगळं सांगितलं. विम्याचं काय होईल तेही त्यांनाच पक्कं माहीत होतं, मादाम. म्हणाल्या, हा माझा शेवटचा सिनेमा ठरेल, चालेल.

दिवे लागले. सगळं गाव आमच्याकडे वळलं. खास सिनेमासाठी आलेली आर्मेल माझ्या शेजारी, हात मांडीवर उघडे, दोन्ही हलताहेत. मी सवयीने झाकायला गेले.

"राहू दे पेरीन," ती म्हणाली. "हलू देत."