नोंद दुसऱ्याच्या ताब्यात

२ मे १९८८, वाडी
आलो एकदाचा नागपुरात! ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे माझी खोली, पुढच्या ऑफिसात कॉम्प्युटर. ताराचंद शेठजींनी मशीनला एसी लावलाय, माणसांना पंखा. असो. प्रेमलता पहिल्या बाळंतपणाला सावनेरला माहेरी आहे; रविवारी बस पकडून भेटून यायचं ठरवलंय. चौकीदार देवरावने आल्या आल्या सांगितलं की आधी चहा घ्या जी, मग त्या डब्ब्याशी भांडा. माणूस आवडला.

४ मे
शेठजींना कामगारांच्या विम्याचं काम कॉम्प्युटरवर हवंय. खऱ्या माहितीला हात लावण्याआधी सरावाचा डेटाबेस याच मशीनवर उभा केला. दोन तक्ते: एकात कामगार, दुसऱ्यात त्यांच्या घरची माणसं. दोन्ही एकमेकांना जोडलेले. घरच्या माणसाची नोंद असेतो कामगाराची नोंद पुसता येत नाही. हा नियम मीच घातला आणि स्वतःवर भलताच खूश आहे.

सरावाला खोटी नावं घालायची असतात. मला कंटाळा आला. देवराव आणि त्याची कांताबाई, मी आणि प्रेमलता, अशी खरीच ठोकून दिली. देवरावला दाखवलं तर हसत विचारतो, बायकोले काहून डब्ब्यात कोंबलं जी? मग बंद करून पुन्हा पासवर्ड टाकला, तर पहिल्याच झटक्यात डेटाबेसशी जोडणी झाली.

६ मे
पडद्यावर डेटाबेसशी जोडलेले वापरकर्ते दोन दिसतात. एक मी. दुसऱ्याचं नाव कोरं. या मशीनला विजेच्या वायरीशिवाय बाहेरची एकही वायर नाही. टेबलाखाली शिरून पाहिलं. कांताबाईचं वय दुरुस्त करायला गेलो तर उत्तर आलं: नोंद दुसऱ्याच्या ताब्यात आहे, थांबा. माझ्याच प्रोग्रामचा घोळ असणार.

७ मे
काल भाकरी थापता थापता कांताबाईची वाचा गेली. आज दुपारी दवाखान्यात वारली बिचारी. देवराव नुसता बसून आहे. तक्त्यात तिची नोंद नाही. मी पुसलेली नाही.

आता देवरावची नोंद ताब्यात दाखवतंय. मशीन बंद केली, चालू केली. वापरकर्ते दोनच.

९ मे
देवराव गेला. फाटकाजवळ, स्टुलावर बसल्या बसल्या. मला काहीतरी सांगत होता, जीभ उचलेना. त्याचीही नोंद नाही. शेठजींना सगळं सांगितलं. उन्हानं डोकं फिरलंय म्हणाले, ताक पी म्हणाले.

ती नावं मी घातली. भीती वाटते.

१० मे
प्रेमलता — दुसऱ्याच्या ताब्यात.

सासऱ्यांचा फोन. सकाळपासून तिच्या तोंडून शब्द नाही, डॉक्टर बाळाचं काही सांगत नाहीत. नोंद सोडवायला बघतोय — थांबा. थांबा. थांबा.

त्या कोऱ्या नावाच्या वापरकर्त्याला ती नकोच आहे, मी हवाय. आधी कांताबाई, मग देवराव. माझाच नियम — घरचं माणूस असेतो कामगार पुसता येत नाही. माझ्यापर्यंत यायला तो तिला —

नियम काढता येतो. दोन तक्त्यांमधला जोडच तोडला, तर मधे ती येत नाही. मी एकटा.

तोडला.

सासऱ्यांचा परत फोन आला. बोलली. पाणी मागितलं, मग माझं नाव घेतलं म्हणे. बाळ हलतंय. मी हमसून हमसून रडलो.

तिची नोंद सुटली. आता माझी —

सावनेरची बस — उजवा हात नीट — शेठजींना हाक मारतोय, आवाज निघत नाही — प्रेमलता, मुलगी झाली तर नाव