करवंटीतलं तीर्थ

बुधवार, संध्याकाळ

आज हंगामात पहिल्यांदा होडी पाण्यात लोटण्याआधी खडकाशी किनारा राखणाऱ्या देवचाराला गाऱ्हाणं घातलं. थोडी दारू खडकावर ओतून चुलत्यांनी, बाबूकाकांनी, उरलेली करवंटीत घालून माझ्यापुढे धरली. "घे रे, तीर्थ आसा."

दारू सोडवायला समुपदेशनाच्या बाईंनी वही दिलीय. कुठे प्यावीशी वाटते, तेव्हा मनात काय येतं, आणि ते खरं कशावरून, हे लिहायचं. बार लिहिला, लग्नं लिहिली. ही करवंटी कशी राहिली? की मुद्दामच टाळली?

मनात आलंच: नको म्हटलं तर देवचार रागावेल, जाळी रिकामी येतील. हातही पुढे गेला. मग वही आठवली. कशावरून? दरवर्षी प्यायलोच ना, तरी कितीदा जाळी रिकामी आली!

"काका, माका नको. सोडलंय."

काकांनी करवंटी खडकावर उपडी केली. "बरा. इतक्या वर्सांनी देवचाराक पुरी बाटली गावली!"

दोघेही हसलो. आत्ता वहीत करवंटी लिहिली. तिच्यापुढे पहिल्यांदाच: घेतली नाही.