डावऱ्या हाताची गाठ

२ जुलै १९९५, कोपर
ताप नाही. वजन बावन्न. ही वही डॉक्टरांनी दिलीय — रोज ताप, वजन, लघवी लिहायची. तीन आकडे लिहून पान उरतं. त्या पानावर मी माझं तोंड चालवणार. मास्कमधून घरात तसंही कोणी ऐकत नाही.

मार्चमध्ये मोठ्या बहिणीने, आवडाबायने, मला तिची एक किडनी दिली. माझ्या शरीराने ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी गोळ्या देऊन माझी प्रतिकारशक्ती झोपवून ठेवलीय. त्यामुळे भिंतीवरची साधी बुरशीसुद्धा फुप्फुसात शिरली तर माणूस जातो म्हणे. म्हणून ओल नको, माती नको, धूळ नको. भर पावसाळ्यात, खाडीच्या काठावर, ओल नको! डॉक्टर बहुतेक दहाव्या मजल्यावर राहतात.

५ जुलै
ताप नाही. नंदाने या आठवड्यात तिसऱ्यांदा भिंत ब्लीचिंग पावडरने पुसली. बुरशी गेली, रंग गेला, आता प्लास्टर जाईल. बायको नाही, म्युनिसिपालिटी आहे.

९ जुलै
खोपटच्या एसटी डेपोतला माझा दोस्त शिवराम बघायला आलेला. हातात तुळशीची कुंडी. "हवा शुद्ध होते रे, परशुराम." मातीसकट हवा! नंदाने उंबऱ्यातच अडवलं — "भावजी, कुंडी बाहेर. तुम्हीपण बाहेर." मग त्याने खिडकीतून त्याच्या साडूच्या ऑपरेशनची हकिकत सांगितली. साडू गेला. लोक माणूस बघायला येत नाहीत, किती उरलाय ते मोजायला येतात.

१६ जुलै
आवडाबायने आमच्या माळ्यावरची तिची विकायची सुकटीची पोती स्वतःच्या घरी नेली. सुक्या मासळीला पावसात बुरा येतो, तो माझ्या छातीत नको. पोटावर वीतभर टाके पडलेली बाई — धाकटा भाऊ चंदू हात लावतो म्हणाला तर त्यालाच ओरडली. आता बाजारातून आली की आधी आंघोळ, मग धुतलेलं लुगडं, मग माझ्या खोलीत. "गोळ्या घेतल्यास काय रं? जीभ दाखव." मी चव्वेचाळीस वर्षांचा होडीवाला. जीभ दाखवतो.

६ ऑगस्ट
वजन चोपन्न.
नंदा औषधं आणायला गेलेली, बाय बाजारात. नारळी पुनव चार दिवसांवर, म्हणून चंदूने मागच्या पडवीत जाळं उतरवलं. दोन महिने माळ्यावर दमट पडलेलं. दोरांवर करडी पूड. दारातून बघत होतो. हा फाटक्या जाळ्याला गाठी मारतो की बुटाची नाडी बांधतो तेच कळेना. पहिल्या मोठ्या माशाला सगळं उसवलं असतं.

गेलो. सुई हिसकावून घेतली. आधी जाळं झटकलं, झटकल्याशिवाय भोकं दिसत नाहीत. घामाने मास्क चिकटला, खाली ओढला. दीड तास! मी डावरा, माझी गाठ उलट्या बाजूला बसते. बाबा त्यावरून शिव्या घालायचे आणि सुटत नाही म्हणून कौतुकही करायचे. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी पेशंट नव्हतो. मजा आली, खोटं कशाला बोलू.

नंतर साबण लावून आंघोळ केली. चंदूला आईची शपथ घातली. कोणाला कळतंय.

१० ऑगस्ट
नारळी पुनव. बायने मास्क लावून राखी बांधली. खाडीला नारळ चंदूने दिला. मी खिडकीतून.

२१ ऑगस्ट
ताप १०१.४. खोकला.

२४ ऑगस्ट, मुंबई, हॉस्पिटल
फुप्फुसात बुरशी. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या धुळीत गेला होतात?" मी पंख्याकडे बघितलं. तेवढ्यात आवडाबाय बोलली — "माझी सुकट, साहेब. माझ्या लुगड्यावरून गेली असंल."
डॉक्टर तिला सगळ्यांसमोर बोलले. अडाणी म्हणाले. नंदाने तिच्या हातातली माझी पिशवी काढून घेतली, ते जास्त वाईट. आणि मी, शिवरामपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना नावं ठेवणारा, गप्प.

२५ ऑगस्ट
बुरशीवरचं इंजेक्शन सुरू. थंडी वाजून दात वाजतात. डॉक्टर म्हणाले, हे औषध किडनीलाही मारतं. म्हणजे बायच्या किडनीला.

२९ ऑगस्ट
लघवी कमी. चंदू सांगत होता, बायने पोती फेकून दिली, बाजारातली जागा सोडली. नंदा तिला खोलीत येऊ देत नाही. चंदू माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, पाणी दे.

२ सप्टेंबर
नंदा घरी गेल्यावर बाय आली. आंघोळ करून, धुतलेल्या लुगड्यात. काचेच्या औषधाच्या बाटलीत जाळ्याचा तुकडा, बूच घट्ट लावलेलं. बाटली माझ्या डोळ्यांपुढे धरली.
"ही गाठ चंदूची नाय. पुनवेलाच बघितलेली."
मला लाज वाटली. इतकी कधी वाटली नव्हती. विचारलं, मग सुकट का सांगितलीस?
"नंदा माझ्यावर रागावली तर काय बिघडतंय. तुझ्यावर रागावली तर तुझं पथ्य कोण सांभाळंल?"

३ सप्टेंबर
लघवी आणखी कमी.

४ सप्टेंबर
वही ६ ऑगस्टच्या पानावर उघडी ठेवून उशाशी ठेवतोय. नंदा चारला येते.